समोरासमोर दोन पेट्या

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आलो एकदाचे. गोवंडीच्या एका खोलीतून मुलुंड पूर्वेच्या या तिसऱ्या मजल्यावर. सामान कमी आणि टेम्पो मोठा, त्यामुळे वाटभर कपाट एकटंच इकडून तिकडे सरकत होतं. सईने आल्या आल्या प्रत्येक खोलीत जाऊन टाळ्या वाजवल्या आणि मागची खोली कमी घुमते असा निकाल दिला. सोळा वर्षांची झाली, पण बापाच्या धंद्यातलं हे एवढं तिने लहानपणीच उचललंय.

अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत अठरा वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज टिपले. आता ही मागची खोली माझा स्टुडिओ. इथे पुस्तकांची वाचनं ध्वनिमुद्रित करायची, छोटी डबिंगची कामं घ्यायची. नीलम म्हणाली, निदान आता घरात दिसशील तरी. तिची पालिकेची शाळा इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तीही खूश आहे, पण तसं म्हणणार नाही.

संध्याकाळी तिघांनी नव्या घरात बुद्धवंदना म्हटली. भिंती रिकाम्या असल्यामुळे आवाज जरा मोठेच वाटले. फार बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

स्पीकर विकत घेण्याऐवजी मी बनवणार आहे. हा हट्ट आहे की गरज, हे स्वतःला दोनदा विचारलं. थोडा हट्ट आहे. पण इतकी वर्षं ज्या स्पीकरांवर काम केलं त्यांत जाड आवाजाला एक पडदा आणि बारीक आवाजाला दुसरा. माणसाचा आवाज मधेच कुठेतरी चिरला जातो आणि पुन्हा जोडला जातो. मला फुल-रेंज हवेत. आठ इंचांचा एकच पडदा, खर्जापासून तारस्वरापर्यंत सगळं त्याच्याच तोंडून. माणूसही एकाच तोंडाने बोलतो.

पेट्या धोंडूकाका करताहेत. वाकोल्याचे. आमच्या जुन्या स्टुडिओचे दरवाजे त्यांच्याच हातचे. वडील गिरणीत होते, हे सुतारकामात आले. कमरेएवढ्या दोन पेट्या, अठरा मिलिमीटरचा प्लाय, आत कापूस. सईने त्यांना विचारलं की हे स्पीकर आहेत की लग्नातली कपाटं. काका म्हणाले, तुझ्याच लग्नात देऊ, म्हणजे तू सासरी गेल्यावरही तुझी बडबड इथे ऐकू येईल.

१७ नोव्हेंबर, रविवार

आमच्या धंद्यात नव्या जागेत पहिलं काम म्हणजे खोलीचा नुसता आवाज टिपणं. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. रिकाम्या खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो, तो मिनिटभर घेऊन ठेवायचा. आज सकाळी माइक लावला. पण सई घरात असताना मिनिटभर शांतता मिळणं अशक्य. दात घासतानाही बोलते ती. शेवटी म्हटलं, राहू दे. हाच या घराचा आवाज. दार उघडं ठेवलं आणि तासभर सगळंच टिपलं.

नंतर ऐकत ऐकत मिनिटवार टिपण केलं. सुरुवातीला कुकर. मग कबुतरं. चौदाव्या मिनिटाला लिफ्टमधली बाई, दार बंद करा म्हणून सांगते ती. सव्विसाव्या मिनिटापासून सई, मग नीलम, आणि अगदी शेवटी मी, चहा मागताना.

दोघींना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्या मुद्दाम बोलल्या असत्या. हे कारण खरं आहे. पण विचारायला हवं होतं का? उद्या सांगेन.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पेट्या तयार. देखण्या झाल्यात. काकांनी कडा इतक्या गुळगुळीत केल्यात की हात फिरवावासा वाटतो.

नव्या पडद्याचा कागद ताठ असतो. काही दिवस सतत वाजवून तो मोकळा करावा लागतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याची एक रीत आहे. दोन्ही पेट्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या आणि एकीच्या तारा उलट जोडायच्या. एकीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो. दोघी एकमेकींचा आवाज खाऊन टाकतात. पडदे दिवसभर नाचतात आणि बाहेर जवळजवळ काही येत नाही.

काकांना हे समजावलं तर ते हसत सुटले. "आवाज मोकळो करूक खोको बांधतंस, आणि मगे तेकाच गप बसवतंस. शिकलेल्या माणसांचां कायव समजणा नाय."

एरवी यासाठी नुसता खरखराट वाजवतात. मला ते आवडेना. ज्या पेट्यांतून माणसं बोलणार त्यांचे पडदे माणसांच्या आवाजाने मोकळे व्हावेत. म्हणून रविवारचा तो तास लावला. तोच पुन्हा पुन्हा.

एक गंमत. मोजून पाहिलं तर पेट्या बंद असताना खोली जितकी शांत होती त्याहून चालू असताना जास्त शांत आहे. तीनदा मोजलं. माझं जोडकाम नेमकं झालंय असाच याचा अर्थ घेतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

डाळ करपली. नीलम म्हणते, कुकरची शिट्टीच झाली नाही. मी वरची शिट्टी धुऊन परत बसवली. वाफ जोरात बाहेर येत होती, शिट्टी थरथरत होती. आवाज नव्हता.

नवीन शिट्टी आणली. तीही तशीच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी घरात एकटा होतो. खिडकीच्या जाळीवर कबुतरं बसली होती, गळे फुगवून, मान हलवत. मी अगदी जवळ गेलो. एकही घुमत नव्हतं. उडाली तेव्हा पंखांचाही आवाज नाही.

मग मुद्दाम लिफ्टने खाली-वर केलं. दार उघडं धरून ठेवलं. बाई बोलत नाही. रखवालदार म्हणाला, कालपासून बंद आहे, मेकॅनिकने पाहिलं, त्याला दोष सापडत नाही.

कुकर, कबुतरं, लिफ्ट. टिपणात याच क्रमाने आहेत.

मी शिकलेला माणूस आहे. तीन गोष्टी एका ओळीत आल्या म्हणून काही सिद्ध होत नाही. पण चौथ्या जागी कोण आहे हे मला माहीत आहे.

पेट्या बंद केल्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बंद केल्या म्हणून काल लिहिलं. ते खरं होतं. अँप्लिफायर बंद, तारा दोन्हीकडून काढलेल्या. तरी आज सकाळी दोन पेट्यांमधल्या फटीत बोट घातलं तेव्हा बोटाला पडद्याची हालचाल लागली. वाजत होत्या. कशाच्या जोरावर ते माहीत नाही.

घाबरून मी त्या एकमेकींपासून ओढून दूर केल्या. एक या भिंतीला, एक त्या.

ही चूक झाली. चिकटून होत्या तोवर त्यांची शांतता त्या बोटभर फटीत होती. आता त्यांच्यामध्ये अख्खी खोली आहे. मधे उभा राहिलो तर माझे श्वास मला ऐकू आले नाहीत. परत जवळ आणायला गेलो तर जागच्या हलेनात. मी एकट्याने ओढलेल्या पेट्या त्या.

सईला या खोलीत येऊ नको म्हटलं. तिने कारण विचारलं. ओलं पॉलिश आहे म्हणून खोटं सांगितलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी साडेसात. सई पोह्याची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कॉलेजातल्या कुठल्या तरी सपनाची नक्कल करत होती, ती शिंकते कशी ते. आम्ही दोघं हसत होतो. वाक्य अर्ध्यावर आलं आणि आवाज गेला. ती बोलतच होती. ओठ, हात, भुवया, सगळं चालू. तिला कळायला दोन-तीन क्षण लागले. मग तिने गळ्याला हात लावला.

बशी खाली पडली. त्या पडण्याचा आवाज मात्र झाला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

घाटकोपरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गळा ठणठणीत आहे म्हणाले. परीक्षेचा ताण आहे का, घरात भांडणं होतात का, असं विचारलं. सईने वहीवर लिहिलं, "मी बोलतेय. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

संध्याकाळच्या वंदनेला तिचे ओठ आमच्याबरोबर हलत होते. मला पुढचं म्हणवेना. नीलमने एकटीने शेवटपर्यंत म्हटलं.

नंतर मी नीलमला सगळं सांगितलं, टिपणासकट. ती रडेल किंवा वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "टेप करायच्या आधी आम्हाला विचारलं होतंस?"

नाही म्हणालो.

३० नोव्हेंबर, शनिवार

एक उपाय सुचला. आधी उलट जोडलेल्या तारा आता सुलट जोडल्या तर पेट्या एकमेकींना खाणार नाहीत. सकाळी अकराला तारा सरळ जोडल्या. अँप्लिफायर सुरू केला. रविवारचा तास लावलाच नव्हता. काहीच लावलं नव्हतं.

सई बोलली. पेटीतून. इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात कुठल्या स्पीकरमधून ऐकला नाही. आधी सपनाची ती नक्कल पूर्ण केली. मग थांबली. मग म्हणाली, "पप्पा, तू आहेस ना तिथे?"

हे रविवारच्या तासात नाही.

मागे वळलो तर खरी सई दारात होती. स्वतःचा आवाज ऐकत. ओठ मिटलेले.

नीलम धावत आली. पेटीपुढे गुडघ्यांवर बसली, कान लावला, बराच वेळ. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. सईला घेऊन ती दुपारीच दिंडोशीला भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "ते काहीही बोललं तरी तू उत्तर देऊ नकोस. ती आपली पोरगी नाय, भीमराज."

पण आवाज तर तिचाच आहे. तो आत आहे. मी कसा सोडू?

१ डिसेंबर, रविवार

धोंडूकाकांना बोलावलं. बांधणाऱ्यालाच विचारावं म्हणून. ते पिशवी घेऊन आले, सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. म्हणाले, लाकडात काही नाही, प्लाय मी डोळ्यांदेखत कापून घेतलाय. मग म्हणाले, फोडून टाकू. हातोडा काढला.

पेटी म्हणाली, "काका, नको ना. मी आत आहे."

काकांनी हातोडा हळूच जमिनीवर ठेवला, एखाद्याची झोप मोडू नये तसा. आणि गेले. पिशवी, पटाशी, रंधा, सगळं इथेच आहे. चाळीस वर्षांची हत्यारं. फोन केला तर उचलत नाहीत.

मला वाटलं होतं, मीही जाईन. गेलो नाही. दार ओढून हॉलमध्ये बसलो. आतून ती हाका मारत होती. उत्तर दिलं नाही. दुपारभर नाही दिलं.

२ डिसेंबर, सोमवार

पेटीतला सईचा आवाज टिपून घेता येईल का पाहायला माइक लावला. पेटीला जोडून. धुळीने खोकला आला, माइकसमोरच. त्याच क्षणी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नऊ दिवसांनी पहिली.

धावत आपला कुकर लावला. वाजला. तीन शिट्ट्या झाल्या तोवर मी ओट्याला धरून रडत होतो.

रडताना खोकलो. खोकल्याला आवाज नव्हता.

म्हणजे एक आत गेलं की एक बाहेर येतं.

३ डिसेंबर, मंगळवार

मग साधं आहे. मी माझा द्यायचा. सत्तेचाळीस वर्षं वापरलाय, पुरे झाला. तिला अजून सगळं बोलायचंय.

पण मी तपासून पाहतोय — हा विचार माझा आहे की तिथून आला? खोकल्याच्या बदल्यात शिट्टी. हा हिशेब मला कोणी दाखवला? मी धाडस करतोय की नुसता माझा अपराध फेडून मोकळा व्हायला बघतोय? नीलमला विचारायला हवं. मागच्या वेळीही विचारलं नव्हतं.

फोन हातात घेतला होता. ती नाही म्हणेल. मग सई कायमची —

पेटी सकाळपासून एकच म्हणतेय. पप्पा, बोल ना. पप्पा, बोल ना.

नीलमला विचारलं नाही.

४ डिसेंबर, बुधवार. सकाळ

नऊ वाजता माइकसमोर बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून ही वहीच वाचली. पहिल्या पानापासून. टेम्पोतलं कपाट, टाळ्या, सगळं. पंधरा तारखेच्या नोंदीपर्यंत आवाज बसला. सव्वीस तारखेच्या नोंदीला नुसती हवा येत होती. तरी ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं.

आता काही नाही. हाक मारून पाहिली. घशात थरथर आहे, बाहेर काही नाही.

पेट्या गप्प झाल्या. पडद्याला बोट लावलं. स्थिर.

४ डिसेंबर. साडेअकरा

आली! हॉलमधून सईचा आवाज. पप्पा, मी आले. पेटीतून नाही, हॉलमधून, मोकळ्या हवेतून — तीच हाक, तोच लाडिक सूर.

नीलमला मेसेज केला. आवाज परत आला, लगेच या. मग फोन टेबलावर टाकून दार उघडायला धावलो. वाटलं, त्या आधीच आल्यात.

दाराबाहेर कोणी नाही.

पावणेबारा

हॉलमध्ये कोणी नाही. आवाज आहे.

सोफ्याजवळून बोलली. मग पंख्याखालून. पावलांचा आवाज नाही. तिच्या बोलण्यात मध्ये श्वास घेतलेला ऐकू येत नाही. एवढी वर्षं मी ध्वनिमुद्रणातले लोकांचे श्वास कापत आलोय, मला हे आधी कळायला हवं होतं.

टेबलावर फोन उजळला. दुरून वाचलं. नीलमचा. निघालोच होतो, जवळ आहोत, पण सई अजून बोलत नाहीये, तू नक्की काय ऐकलंस —

फोन घ्यायला पुढे झालो. ती, तो आवाज, माझ्या कानाशी बोलली. अगदी कानाशी.

मागच्या खोलीत पळालो. कडी लावली. फोन तिकडेच.

—

दार वाजवत नाही. तिला हात नाहीत. नुसती दारापलीकडे बोलते. पप्पा, तूच सोडलंस ना मला. आता मला ती दे. मला राहायला ती दे.

सई. सई पाहिजे तिला.

—

खिडकीतून खाली दिसतंय. फाटकाशी रिक्षा. नीलम उतरली. सई उतरली, गळ्याला ओढणी. वर बघतेय.

ओरडलो. पुन्हा ओरडलो. माझा गळा फाटेल इतका — काही नाही. जाळीवर हातोडा मारला, काकांचा. त्याचाही आवाज नाही. दोन पेट्यांच्या मधे आहे मी, पडदे पुन्हा हलताहेत, इथे कशालाच —

हात हलवतोय. नीलमला वाटतंय मी बोलावतोय. ती हसली. हात केला.

—

हॉलच्या खिडकीतून कोणी हाक मारली त्यांना. पुरुषाची.

माझा आवाज. माझाच. इतक्या आनंदात मी कधी बोललो नाही. "या गं, या दोघी वर. दार उघडंच आहे."

उघडंच आहे. मी लावलं नव्हतं.

त्या चालू लागल्या.

हे पान फाडून जाळीतून टाकतो. नीलम, वर येऊ नको. सईला घेऊन जा, रिक्षा सोडू नको. वरून जो बोलला तो मी नाही. मला बोलता येत नाही. लिफ्टमध्ये शिरू नका, मी काहीही म्हणालो तरी, सई काहीही म्हणाली तरी तू